एका दिवसाचं रक्त

ऊसतोड सुरू झाली, निमोण्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जायला लागल्या, की माझा अंगठा आपोआप गाईच्या मानेकडे जातो. गाय कुठलीही असो. मानेच्या खालच्या अंगाला एक लांब पन्हळ असते. तिच्यात अंगठा रुतवून धरला की वरच्या बाजूला शीर फुगून येते, ओल्या दोरखंडासारखी. गाय मान हलवते, नाकातून वाफ सोडते. मी अंगठा काढते, शीर विरून जाते. आज माझ्या गोठ्यात बेचाळीस गाई आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मी कारणाशिवाय सुई लावू देत नाही. पण शीर मात्र शोधते. एका हिवाळ्यात लागलेली सवय आहे ती.

या दिवसांत आमच्याकडे सगळ्याला उसाचा वास असतो. गाई वाढं खातात, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि त्यांच्या श्वासालाही तोच गोडसर वास येतो. पहाटे घोड नदीकडून धुकं चढतं. उसात बिबट्या असतो म्हणून बाया खोकत, भांडी वाजवत, मोठ्यानं एकमेकींची उणीदुणी काढत धारेला निघतात. शेणातून वाफा निघतात. या सगळ्यात अचानक कुठून तरी स्पिरिटच्या बोळ्याचा गार वास येतो. खरं तर तो तिथं नसतो. सात हिवाळ्यांपूर्वीचा असतो. मग मला प्रज्ञा आठवते, आणि प्रज्ञा आठवली की डेअरीवरचा तो काळा फळा आठवतो, आणि फळा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

मी मूळची केडगावची. वडील दुसऱ्यांच्या गाई राखायचे आणि सकाळच्या शटलला पुण्याकडे जाणारे दुधाचे कॅन चढवायचे. लग्न होऊन निमोण्याला आले तेव्हा दाराशी एकच गाय होती, तीही भाकड. पुढचं सगळं मी बाजारात कमावलं. जनावरांच्या बाजारात भाव बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाईचा हात टॉवेलखाली कोण धरणार? म्हणून मी भाव उघड्यावर केला, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. पहिल्या वर्षी हसले. तिसऱ्या वर्षी माझा आवाज आला की दलाल चहा अर्धा टाकून उठायचे.

गाय कशी घ्यायची ते वडिलांनी शिकवलं होतं. विकणारा आदल्या दिवशी धार काढत नाही, गाय तुंबवतो. सकाळी कास अशी टम्म दिसते की घेणाऱ्याचं भान हरपतं. वडील म्हणायचे, "पहिली धार मालकाची, दुसरी गाईची, तिसरी खरी." म्हणून मी विकणाऱ्याच्या दारात मुक्काम टाकते, त्याच्या बायकोच्या हातची भाकरी खाते, तिसरी धार डोळ्यांनी बघते आणि मगच तोंड उघडते. एका धारेवर गाय घेणारा माणूस मला मूर्ख वाटत आलेला आहे. हे लक्षात असू द्या.

प्रज्ञा आली ती स्कूटीवर, मागे निळी बर्फाची पेटी बांधून. दौंडची पोर. वडील रेल्वेत फिटर, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. जनावरांची डॉक्टर झाली होती आणि पुढचं शिकत होती.

"काकू, दगडीवर एक नवं इंजेक्शन आलंय," ती म्हणाली. दगडी म्हणजे कासेचा आजार; कास दगडासारखी कडक होते आणि दुधात गाठी येतात. "थंडीच्या दिवसांत ते गाईच्या रक्तात किती वेळ राहतं ते बघायचंय. सहा गाई लागतील."

"राहिलं तर राहिलं. बिघडलं काय?"

"रक्तातलंच कासेत उतरतं, काकू. ते दूध कुणाच्या तरी पोटात जातं. कितव्या दिवशी दूध साफ होतं, त्याचा नीट हिशेब या इंजेक्शनला अजून कुणी मांडलेला नाही."

पोर मला आवडली. भीत नव्हती आणि गोडही बोलत नव्हती. तिनं वही काढली. इंजेक्शन दिल्यावर कधी कधी रक्त घ्यायचं, त्या वेळा एकाखाली एक लिहिल्या होत्या. पाच मिनिटं, पाव तास, अर्धा तास, मग एक, दोन, चार, आठ, बारा, चोवीस तास. आणि त्याच्याखाली पुन्हा एकेक दिवस, थेट सातव्या दिवसापर्यंत.

"सात दिवस?" मी म्हणाले. "माझ्या गाई काय रक्तपेढी हायेत व्हय?"

"नंतर नंतर दिवसाला एकदाच, काकू. एवढीशी बाटली."

"एक दिवस."

"निदान पाच तरी."

"एक."

"तीन? शेवटचं रक्त फार—"

"एक दिवस. आन् त्योबी तू पोरगी म्हणून. दुसरा कुणी असता तर फाटकाच्या आत घेतला नसता."

ती बाहेर जाऊन तिच्या सरांशी फोनवर बोलली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. सर म्हणाले होते, चालेल, बरेच जण एकच दिवस घेतात. मी तिच्या हातून पेन घेतलं, चोवीस तासांच्या खालच्या सगळ्या ओळींवर एक तिरपी रेघ मारली आणि बाजूला सही ठोकली. सातावरून एकावर! त्या दुपारी मी गोठ्यात अशी फिरत होते, जणू बाजारातून पोटात जुळं असलेली गाभण गाय वासराच्या भावात आणली होती.

तो एक दिवस मात्र सुंदर होता, हे मी नाकारणार नाही. चांदी नावाची माझी सगळ्यांत गुणी गाय. तिच्या मानेपाशी मी, सुईपाशी प्रज्ञा. पहिलं रक्त घेतलं तेव्हा ऊन नुकतं कुंपणावर आलं होतं. नळी तिनं माझ्या हातात दिली. इतकी ऊब असते ताज्या रक्ताला, की थंडीत बधिर झालेली बोटं जागी झाली. मग तिनं छोट्या यंत्रात नळ्या फिरवल्या. यंत्र थांबलं तेव्हा लाल खाली बसलं होतं आणि वर सोनेरी पाणी उभं होतं, कढवलेल्या तुपाच्या निवळीसारखं. "औषध या पाण्यात असतंय," ती म्हणाली. दिसत काहीच नव्हतं. मला तेव्हाही वाटलं होतं, जे दिसत नाही त्याचा भाव माणूस करणार कसा. पण वाटून गेलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची नळी बर्फात ठेवून ती गेली. दीड महिन्यानं फोन आला.

"काकू, औषध रक्तात झपाट्यानं कमी होतंय. या वेगानं चौथ्या दिवशी दूध साफ असावं, असा अंदाज. पण घालायच्या आधी एकदा पट्टीवर तपासून घ्या."

मला 'चौथ्या' ऐकू आलं. 'अंदाज' आणि 'पट्टी' हे शब्द वाढ्याच्या ट्रॉलीच्या आवाजात गेले म्हणा, किंवा मी जाऊ दिले म्हणा.

पौषात चांदीला दगडी झाली. तेच इंजेक्शन दिलं. चार दिवस तिचं दूध खड्ड्यात ओतलं, पाचव्या दिवशी इतर गाईंच्या दुधात मिसळलं आणि डेअरीवर पाठवायच्या ऐवजी हौसेनं स्वतः घेऊन गेले.

आमच्या दूधकेंद्राचे चेअरमन सोपानभाऊजी, माझे चुलतदीर. केंद्राच्या भिंतीवर काळा फळा आहे. कुणाच्या दुधाला किती फॅट लागली ते त्यावर रोज लिहितात. त्या फळ्यावर नवऱ्याचं नाव न लावता, नुसतं 'मंदाकिनी' असं ज्या बाईचं नाव पहिल्यांदा लागलं ती मी. आणि बहुतेक दिवशी ते सगळ्यांत वर असायचं. मला दागिन्यांची हौस कधी नव्हती. माझा दागिना तो फळाच होता.

त्या दिवशी भाऊजींनी माझ्या दुधात औषध तपासायची पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर दूध साफ. एकच उमटली तर औषध. आम्ही दोघं बघत राहिलो. एकच उमटली.

"वैनी, दूध मागं घ्या," ते म्हणाले. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज गेला.

"दुसरी पट्टी लावा, भाऊजी."

लावली. पुन्हा एकच. मग त्यांनी खडू उचलला, माझं नाव वरून पुसलं आणि फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं : मंदाकिनी – औषध – दूध बंद.

माझं दुखणं नीट समजून घ्या. पट्टी खोटी नव्हती. दूध परत करणं हे त्यांचं कामच होतं. पण त्याच वर्षी दोन बाप्यांनी घातलेल्या दुधात औषध निघालं होतं, तेव्हा याच भाऊजींनी त्यांना टपरीमागे नेऊन कानात सांगितलं होतं. फळ्यावर कुणी गेलं नव्हतं. खडू माझ्यासाठीच निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाजारात लई आवाज असतोय बाईचा. आता काढा म्हणावं." मी कॅन उचलला आणि त्यांच्या समोरच, केंद्राच्या गटारीत सगळं दूध ओतलं. पांढरं दूध काळ्या पाण्यावरून बराच वेळ वाहत राहिलं.

दुसऱ्या सकाळी मी दौंडला निघाले. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला तेव्हा भीमा दिसतच नव्हती, नुसता धुक्याचा पट्टा वळत गेलेला. केडगावला शटलमध्ये बसले. वडील जिथं कॅन चढवायचे तो फलाट मागं सरकला. साऱ्या वाटेत मी प्रज्ञाला काय काय बोलायचं ते जुळवत होते. दौंड येईस्तोवर चांगलं धारदार झालं होतं.

क्वार्टरच्या दारात तिच्या आईनं पाणी दिलं. मी पाणी प्याले आणि सुरू झाले. शिकून काय दिवे लावलेस, तुझ्या आकड्यापायी माझं नाव गेलं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आई मधेच चहा ठेवायला उठली. मी दमले तेव्हा तिनं आतून वही आणली आणि ते पान माझ्यापुढं धरलं.

पाच मिनिटं, पाव तास, अर्धा तास. चोवीस. त्याखाली माझी तिरपी रेघ. शेजारी माझी सही, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला फाटा मारलेली.

"काकू, हे बघा," ती म्हणाली आणि पुढच्या पानावर तिनं एक उतार काढला. "पहिल्या दिवशी औषध असं उतरतं. भराभर. आपण इथं थांबलो. पुढचं रक्त माझ्याजवळ नव्हतं. मग मी काय केलं? फूटपट्टी लावली आन् रेघ तशीच खाली ओढली. फूटपट्टीच्या हिशेबानं चौथ्या दिवशी संपलं."

"मग?"

"रक्त काय फूटपट्टीनं चालतंय व्हय? हे इंजेक्शन मांसात बसून राहतं, हळूहळू झिरपतं. पहिल्या दिवसाचा उतार वेगळा आन् पुढचा वेगळा. तो पुढचा असा आडवा, लांब पसरत जात असणार. आपण तो बघितलाच नाही. पाटाचं पाणी बंद झालं तरी वावरातून झिरपत राहतं की नाही, तसं."

मी वहीकडं बघत होते. वडिलांचा आवाज इतका जवळून आला की मान वळली. पहिली धार मालकाची.

"तुला ठाऊक होतं?"

"शंका होती. म्हणून तर सात दिवस मागितले होते."

"मग भांडली का न्हाईस माझ्याशी?"

"तुमच्याशी?" ती पहिल्यांदा हसली. "काकू, अख्खा बाजार तुमच्याशी भांडत नाही. आन् गाई तुमच्या. पण माझंबी चुकलंच. फोनवर आकडा सांगायलाच नको होता."

आतून तिची आई म्हणाली, "सरांनी पण मान डोलावलीच ना."

डोलावली होती. त्या सरांवर माझा राग अजून आहे. आधीच्यांनी एका धारेवर गाई घेतल्या म्हणून आपणही घ्यायच्या, याला शिकणं म्हणत नाहीत. पण चहाचा कप हातात धरून त्या लहानशा स्वयंपाकघरात मला जे कळलं ते असं : आयुष्यभर ज्या माणसाला मी मूर्ख म्हणत आले, तो माणूस त्या पानावर सही करून बसला होता. मी दिवसांचा भाव केला. जसं काही ते तिचे दिवस होते आणि मी ते स्वस्तात मिळवले. ते माझेच होते. माझ्याच गाईचं उरलेलं औषध, माझंच दूध, माझंच नाव.

"पुन्हा कर," मी म्हणाले. "दोन गाई घे. आठ दिवस."

"सात पुरे होतील, काकू."

"मी आठ म्हणाले."

चांदीच्या अंगातलं आधीचं औषध पुरतं उतरावं म्हणून तीन आठवडे थांबलो. मग आलेले ते आठ दिवस या आयुष्यात मला कुणी परत देईल तर मी घासाघीस न करता घेईन. पहिला दिवस धावपळीचा. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी एकदाच, धुकं असताना. प्रज्ञा दौंडहून निघून ऊन यायच्या आत पोचायची, नाक लाल, हातमोज्यांवर दव. मी चहा तयार ठेवायची. चांदी तिला ओळखायला लागली, स्वतःहून मान वळवून द्यायची. समोरच्या फडात तोडणी चालू होती. रोज उसाची भिंत थोडी मागं जायची आणि पलीकडची टेकडी थोडी जास्त दिसायची. सहाव्या दिवशी टेकडीचा पायथा दिसला. आठव्या दिवशी फड संपला, आणि इतके दिवस उसाआड असलेला ओढा उघडा पडला. पाणी होतं त्यात अजून. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो वाहत होता.

"बघ," मी प्रज्ञाला म्हणाले.

तिनं बघितलं आणि नळीवर तारीख लिहिली.

तिच्या कागदावर यावेळी रेघ आली ती फूटपट्टीची नव्हती. पहिल्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी आणि मग लांब, सपाट, हट्टी. सातव्या दिवशीही रक्तात पुसटसं औषध होतं. आठव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या यंत्राला काही सापडलं नाही. "यंत्राला दिसलं नाही म्हणजे नाहीच असं पण नसतं," ती म्हणाली. "वरून दोन दिवस धरा, म्हणजे दहा. आन् पट्टी लावल्याशिवाय दूध घालू नका." या वेळी मी सगळे शब्द ऐकले.

कागद घेऊन आम्ही दोघी केंद्रावर गेलो. सकाळची रांग होती. मी मुद्दाम तीच वेळ धरली.

"ते कागद आम्हाला काय कळणार, वैनी?" भाऊजी म्हणाले. "असं करू. तुमचं दूध तीन दिवस रोज तपासतो. तिन्ही दिवस दोन रेघा आल्या तर नाव परत लावतो."

"तीन न्हाई. दहा."

भाऊजींनी चष्मा वर केला.

"डोकं ठिकाणावर हाय ना? कमी करायचं सोडून वाढवताय? तुम्ही?"

"दहा दिवस, रोज सकाळी, भाऊजी. सगळ्यांच्या देखत. एका दिवशीबी एक रेघ आली तर फळ्यावर जन्मभर ठेवा माझं नाव."

दहा दिवस रोज सकाळी मी कॅन घेऊन उभी राहिले. पहिल्या दोन दिवशी लोकांनी मजा बघितली. पाचव्या दिवसापर्यंत मी पट्टीच्या आधीच माणसांचे चेहरे वाचू लागले होते. सातव्या दिवसानंतर कुणी बघायला थांबेना. दोन रेघा येणार हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मला तेच हवं होतं. दहाव्या दिवशी भाऊजींनी पट्टी ठेवली, शर्टाच्या बाहीनं फळा पुसला आणि 'मंदाकिनी' पुन्हा सगळ्यांत वर लिहिलं. 'चुकलं' म्हणाले नाहीत. तेव्हा नाही, त्यानंतरच्या सात वर्षांत नाही. ओल्या सकाळी त्या फळ्यावर जुनी अक्षरं पुसट उमटतात. मला अजून वाचता येतात.

आता गावात त्या इंजेक्शननंतर दूध न घालायच्या दिवसांना 'मंदाकाकूचे दहा' म्हणतात. "काय रे, दूध का न्हाई घातलं?" "मंदाकाकूचे दहा चाललेत." प्रज्ञा आता दौंडकडे सरकारी दवाखान्यात आहे. औषध बदललं की मला फोन करून सांगते, काकू, याला तुमचे दहा लावू नका, याचा हिशेब वेगळा आहे. मी म्हणते, मग ये आणि काढ. गाई आहेत, दिवसही आहेत.

आणि परवा, याच धुक्यात, सोपानभाऊजी गोठ्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत येईनात. त्यांच्या गाईला दगडी झाली होती. तेच इंजेक्शन.

"वैनी, सहा दिवस झाले. दूध बघा कसं पांढरंशुभ्र हाय. आज घालू का?"

"न्हाई."

"आठ करा की. घरातलं माणूस हाय मी."

माझ्या बाया धारा काढत होत्या. वाढं टाकायला आलेले दोघं-तिघं थांबले होते, कान आमच्याकडे. या क्षणासाठी मी सात वर्षं आवाज जपून ठेवला होता. बाजारातला, चार माणसांना ऐकू जाणारा. चेअरमनच्या दुधात औषध, असं एकदा म्हणायचं होतं. पुढचं काम गावानं केलं असतं.

मी फाटक उघडलं, त्यांना वाढ्याच्या गंजीआड नेलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "भाऊजी, अजून चार दिवस. मग पट्टी लावा. कुणाला कळायचं न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून कितीतरी वेळ पायानं वाढं सारखं करत राहिले. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण आपलं कुठं आणि काय चुकलं होतं, ते या वेळी त्यांना समजलं. मला एवढंच वसूल करायचं होतं.